कागदावर सही फक्त आमची

आमचं बरं चाललं होतं. मुलाला ऑटिझम आहे. त्याची ऑक्युपेशनल थेरपी सुरू होती, स्पीच थेरपी सुरू होती, शाळेनं अर्धा दिवस का होईना बसवून घेतलं होतं आणि तो चित्राच्या कार्डावर बोट ठेवून पाणी मागायला लागला होता. नेमका तेव्हाच मोठ्या दिरांना कुणीतरी स्टेम सेल उपचाराचा व्हिडिओ पाठवला. कधीच न बोललेला मुलगा त्यात ‘आई’ म्हणतो. दिरांनी तो सासूबाईंना दाखवला, सासूबाई रडल्या, आणि जेवणं व्हायच्या आत सगळं ठरलंसुद्धा. मी म्हटलं, आपले डॉक्टर काय म्हणतात ते आधी विचारू. त्यावर दीर म्हणाले, ‘‘आईच आडवी येत असेल तर पोरगं सुधारणार कसं?’’ हे वाक्य मी विसरलेले नाही.

स्टेम सेलच्या सेंटरमध्ये डॉक्टर दिसले ते शेवटी, घाईघाईत. बोलणं सगळं काउन्सेलर बाईंनी केलं. बहुतेक मुलं बोलायला लागतात, नॉर्मल शाळेत जातात, जितक्या लवकर कराल तितकं चांगलं. मी विचारलं, ज्यांना फरक पडला नाही त्यांच्या पालकांशी बोलता येईल का? बाई माझ्याकडे न बघता नवऱ्याला म्हणाल्या, ‘‘आईची निगेटिव्हिटी मुलापर्यंत पोचते, सर.’’ घरी ऐकलं तेच इथे, फक्त गोड आवाजात. एफडी मोडून पैसे भरले. सही नवऱ्यानं केली.

मुलाला भूल देऊन आत नेल्यावर संमतीपत्राची प्रत माझ्या हातात आली. कमरेच्या हाडातून बोन मॅरो काढणार, त्यातल्या पेशी पाठीच्या कण्यातून सोडणार, हे तोंडी सांगितलं होतं. कागदावर पुढे आणखी होतं: ही पद्धत प्रायोगिक आहे, फायद्याची कोणतीही हमी नाही, हे आम्हाला पूर्णपणे समजावून सांगण्यात आलं आहे. समजावून? तासभर त्या बाई बोलत होत्या, त्यात ‘प्रायोगिक’ हा शब्द एकदाही आला नव्हता. म्हणजे कागद लिहिणाऱ्याला सगळं ठाऊक होतं. व्हिडिओ आम्हाला दाखवायचा आणि कागद कोर्टाला. मी बंद दारासमोर उभी होते आणि आता थांबवायला काही उरलं नव्हतं.

घरी आल्यावर त्याचं डोकं दुखत होतं. त्याला ते सांगता येत नव्हतं, तो कपाळावर हात मारून घ्यायचा. पुढे तो दोन-तीन शब्द बोलायला लागला. ते शब्द आमच्या स्पीच थेरपिस्ट ताई कितीतरी महिने त्याच्याकडून करून घेत होत्या. पण सेंटरनं फॉर्म भरून ते पेशींच्या खात्यावर टाकले आणि दुसऱ्या सिटिंगचा फोन आला. इथली खोच ओळखा: पेशींच्या पॅकेजमध्येच रोजची थेरपी घालून देतात. मग मुलात जो काही फरक पडेल तो कशामुळे, हे कुणालाच सांगता येत नाही.

दुसरं सिटिंग मी होऊ दिलं नाही. आमच्या बालरोगतज्ज्ञांनी नवऱ्याला समोर बसवून सांगितलं. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची (आयसीएमआर) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. रक्ताच्या काही आजारांवरचं बोन मॅरो प्रत्यारोपण वगैरे मोजके मान्य उपचार सोडले, तर स्टेम सेलचा वापर फक्त मंजूर चाचणीत करता येतो, आणि चाचणीत भाग घेणाऱ्याकडून त्याचे पैसे घ्यायचे नसतात. २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिमत्ता मंडळानंही ऑटिझमवर स्टेम सेलची शिफारस करता येत नाही, असं स्पष्ट केलं. नवरा गप्प बसून ऐकत होता. हे मी आधी म्हणत होते तेव्हा ती निगेटिव्हिटी होती.

म्हणून सांगते. कुणी ‘ट्रायल आहे’ म्हणालं तर सीटीआरआयचा, म्हणजे देशातल्या क्लिनिकल चाचण्यांच्या नोंदवहीचा, नोंदणी क्रमांक मागा. ती यादी इंटरनेटवर कुणालाही उघडून बघता येते. ट्रायल म्हणून पैसे मागितले तर तिथूनच उठा. संमतीपत्र आदल्या दिवशी मागून घ्या, घरी वाचा, आपल्या डॉक्टरांना दाखवा. देत नसतील तर सही करू नका. तोंडी दिलेली आश्वासनं मेसेजवर लिहून मागा. पावत्या, रिपोर्ट, फॉर्म, काहीही फेकू नका. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे डॉक्टरविरुद्ध तक्रार करता येते, पण हातात कागद हवेत. आमची फाइल मी तयार करते आहे.

पैसे लावायचेच असतील तर नियमित थेरपीला लावा. जिल्हा रुग्णालयाच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात आधी चौकशी करा. यूडीआयडी हे दिव्यांगांचं ओळखपत्र काढा. निरामय आरोग्य विम्यात वर्षाला एक लाखापर्यंत संरक्षण आहे आणि थेरपीच्या खर्चाचाही काही भाग मिळतो. शाळा नाही म्हणाली तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम १६ दाखवा. आणि धीर धरा, सगळेच सांगतात तसं.

नातेवाइकांसाठी वेगळं. सासूबाई आता कार्डं वापरतात. कुकर लावण्याआधी शिटीचं चित्र दाखवतात, मग तो कानावर हात ठेवून तयार राहतो. पूर्वी प्रत्येक शिटीला किंचाळायचा. हे त्या आपणहून शिकल्या, आणि ह्याला एक रुपया लागला नाही. तुम्हाला मदत करायची असेल तर व्हिडिओ पाठवू नका. रविवारी दोन तास या, त्याच्याजवळ बसा, त्याच्या आईला झोपू द्या. दिरांनाही मी हे सांगितलं आहे. ते अजून आलेले नाहीत. गेल्या आठवड्यात त्यांनी ऑक्सिजन चेंबरचा व्हिडिओ पाठवला.