आई-वडील आणि अपंग भावंड: अर्ज करण्यापूर्वी

गोराईच्या म्हाडा वसाहतीतून किंवा खाडीपलीकडच्या गावातून निघून परदेशी स्थिरावलेल्या मुलाने वृद्ध आई-वडिलांना आपल्याजवळ आणण्याचे योजावे, आणि त्यांच्याच छत्राखाली वाढलेले प्रौढ अपंग भावंड ओघानेच त्यांच्याबरोबर येईल असे गृहीत धरावे, हे इतके वारंवार घडते की तेथील जुनी मराठी कुटुंबे नवागतास पहिला प्रश्न त्या भावंडाविषयीच विचारतात.

अमेरिकेत हे गृहीत साफ चुकते. 21 वर्षे पूर्ण झालेल्या नागरिकास आई-वडिलांसाठी अर्ज करता येतो आणि त्यांना वार्षिक संख्येची मर्यादाही लागू नाही. परंतु त्या अर्जात दुसऱ्या कोणाचे नाव घालण्याची सोयच कायद्याने ठेवलेली नाही, मग ते भावंड स्वतःच्या हाताने घासही घेऊ शकत नसो. भावंडाचा अर्ज स्वतंत्र करावा लागतो. त्या वर्गास वर्षाला 65,000 व्हिसा असून प्रत्येक देशावर 7 टक्क्यांचा निर्बंध असल्यामुळे भारतीय अर्जदाराची प्रतीक्षा वीस वर्षांच्या घरात जाते. तेव्हा जाणती मंडळी दुसरी वाट सुचवतात: आई-वडिलांना ग्रीन कार्ड मिळाले की त्यांनीच आपल्या अविवाहित अपत्यासाठी अर्ज गुदरावा, कारण ती रांग कित्येक वर्षांची असली तरी भावंडांच्या रांगेहून पुष्कळ आखूड आहे. मात्र या वाटेवरची खरी अडचण कोणी आधी सांगत नाही. ग्रीन कार्ड टिकवायचे तर आई-वडिलांनी अमेरिकेत वास्तव्य केले पाहिजे. आणि ते तेथे राहतील त्या वर्षांत गोराईच्या घरी त्या भावंडास न्हाऊ कोण घालणार? आमच्या मते या प्रश्नाचे उत्तर हाती येईपर्यंत आई-वडिलांचा अर्जही करू नये. 

अमेरिकेत अर्ज करणाऱ्याने द्यावयाच्या हमीपत्राचा बोजाही समजून घ्यावा. दारिद्र्यरेषेच्या 125 टक्के उत्पन्न दाखवून दिलेली ती हमी सर्वसाधारणपणे आलेल्या इसमास नागरिकत्व मिळेपर्यंत किंवा त्याच्या नावे कामाच्या 40 तिमाह्या जमा होईपर्यंत सुटत नाही. ज्याच्याकडून नोकरी होणारच नाही, त्याच्या बाबतीत दुसरा पर्याय कागदावरच राहतो.

कॅनडाचा कायदा अधिक माणुसकीचा. शारीरिक वा मानसिक अवस्थेमुळे वयाच्या 22व्या वर्षापूर्वीपासून आई-वडिलांवर आर्थिकदृष्ट्या अवलंबून असलेले अपत्य, त्याचे वय चाळीस असो वा पन्नास, त्यांचे आश्रित म्हणून त्याच अर्जात येते. त्याच्या औषधोपचारांचा सरकारवर अतोनात भार पडेल या सबबीवर नकार मिळू शकतो, परंतु 2018 साली ती खर्चमर्यादा तिप्पट करण्यात आली व विशेष शिक्षणाचा खर्च हिशेबातून वगळण्यात आला. अर्ज करण्याची संधी मात्र सोडतीवर अवलंबून: 2020 साली घेतलेल्या नोंदींतूनच पुढे अनेक वर्षे नावे काढली गेली. प्रायोजकाची जबाबदारी क्वेबेकबाहेर वीस वर्षांची. सुपर व्हिसा हा तात्पुरता उपाय आई-वडिलांपुरताच. आश्रित अपत्यास त्यावर येता येत नाही.

दस्तऐवजांची तजवीज मुंबईत असतानाच करावी. जन्माची नोंद सापडत नसेल तर महापालिकेच्या आर-मध्य विभागाकडून अनुपलब्धतेचा दाखला घेऊन त्यास शाळा सोडल्याचा दाखला जोडावा. गोराई गावातील ईस्ट इंडियन कुटुंबांच्या बाबतीत चर्चच्या बाप्तिस्म्याच्या नोंदवहीतील उतारा मोलाचा ठरतो. कॅनडासाठी अपंगत्व वयाच्या 22व्या वर्षापूर्वीचे होते हे सिद्ध करायचे असते, म्हणून विशेष शाळेचे जुने प्रगतिपुस्तक, रुग्णालयाचे पिवळे पडलेले केसपेपर, पहिले अपंगत्व प्रमाणपत्र यांतील एकही कागद रद्दीत जाऊ देऊ नये. नवे यूडीआयडी कार्ड आवश्यक खरे, पण त्यावरून अवस्था केव्हापासूनची हे कळत नाही. नावातील फरकांकडे आम्ही विशेष लक्ष वेधतो: वडिलांचे नाव एका कागदावर पूर्ण व दुसऱ्यावर आद्याक्षरांनी असले, तरी तेवढ्यावरून खुलासा मागवला जाऊ शकतो.

भावंडास काही काळ मागे राहावे लागणार असेल, आणि त्याला स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता अथवा बहुविकलांगता असेल, तर 1999च्या राष्ट्रीय न्यास कायद्यान्वये पालक नेमण्यासाठी वांद्रे येथील उपनगर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे अर्ज करावा. आई-वडिलांनी केवळ मुखत्यारपत्र करून काकांच्या किंवा मामांच्या हवाली केले म्हणजे कायदेशीर पालकत्व त्यांच्याकडे जात नाही. समितीचा पालकनेमणुकीचा हुकूम हाती येण्यापूर्वी विमानाची तिकिटे काढू नयेत.