ऐंशी क्रमांकाचा दरवाजा

प्रश्न : लिनक्सवर माझा वेब सर्व्हर ८० क्रमांकाच्या पोर्टवर ‘परवानगी नाही’ म्हणून अडतो. तो रूट म्हणून चालवू का?

उत्तर : मुळीच नको. १०२४ खालील पोर्ट रूटखेरीज कोणास देऊ नयेत हा दंडक, एकाच यंत्रावर अनेकांची वहिवाट असे त्या युनिक्सच्या जमान्यातला. परंतु एका दरवाजाच्या परवान्यासाठी सबंध वाड्याच्या किल्ल्या सर्व्हरच्या हवाली करणे हा अविचार होय. प्रशासकाकडून एकदाच ‘सेटकॅप’ आज्ञेने सर्व्हरच्या प्रोग्राम-फाइलीस ‘कॅप_नेट_बाइंड_सर्व्हिस’ एवढीच सनद देववावी. मात्र प्रोग्राम पायथनचा असल्यास ती सनद इंटरप्रिटरला, पर्यायाने त्यावरील प्रत्येक स्क्रिप्टला मिळते, म्हणून तेथे सर्व्हर ८०८० वर ठेवून ८० ची रहदारी आयपीटेबल्सने तिकडे वळवणेच श्रेयस्कर. नवी आवृत्ती बसवताना फाइल बदलली की सनदही जाते; ती पुन्हा द्यावी लागेल.