तोता म्हटलं, पोपट आठवला

पोटातून काहीतरी वर सरकतं, तोंड चघळल्यासारखं हलायला लागतं आणि पुढची दोन मिनिटं माझी नसतात. तेर गावी आमच्या किराणा दुकानात उधारी लिहिता लिहिता असं व्हायचं. भानावर आलो की वहीत नुसत्या रेघोट्या. अंगात येतं म्हणण्यात वर्षं गेली. दोन औषधं नीट घेऊनही फिट थांबेनात, तेव्हा डॉक्टरांनी ऑपरेशनचा विषय काढला. त्याआधी फिट मेंदूत कुठून उठते ते शोधतात: एमआरआय, व्हिडिओ ईईजी आणि स्मरणशक्तीची तपासणी.

ही तिसरी मी किरकोळ समजलो. आदल्या रात्री मोठी फिट आली होती, तारीख हुकेल म्हणून सांगितली नाही. हिंदी येते का, तर हो म्हणालो. तपासणाऱ्या मॅडमनी १५ शब्द वाचले. त्या ‘तोता’ म्हणाल्या, माझ्या डोक्यात पोपट बसला. ‘बाल्टी’ची बादली झाली. अर्ध्या तासानं चारच शब्द निघाले.

बहुतेकांची भाषा डाव्या मेंदूत असते. शब्द विसरले तर संशय डाव्या कानशिलाच्या आतल्या भागावर जातो, आकृत्या विसरल्या तर उजव्यावर. ही दुसरी खूण जरा कच्ची. माझ्या एमआरआयमध्ये व्रण उजवीकडे, गुण मात्र डावीकडे बोट दाखवणारे. निर्णय अडला. अडला हेच बरं. १९५३ मध्ये अमेरिकेत फिटचे रुग्ण हेन्री मोलायसन यांच्या दोन्ही बाजूंचा हा भाग काढला. फिट कमी झाल्या, पण नवं काही लक्षात राहणं कायमचं गेलं. म्हणून उरणारी बाजू धड आहे ना, हेही बघावं लागतं.

आमच्या तेरच्या संत गोरोबाकाका कुंभारांनी मडकी पारखावीत तशी थापटण्यानं संतांची डोकी पारखली, ही गोष्ट आमच्याकडे पोरंही सांगतात. पण भाजलेलं मडकंसुद्धा पाण्यात भिजलेलं असताना बद्दच वाजतं. आदल्या रात्रीची फिट आणि परकी भाषा, यांनी माझंही तसंच झालं होतं.

आठ महिन्यांनी मराठीत तपासणी झाली. शब्द आले, आकृती निम्मी गेली, ईईजीशी जुळलं.

तेव्हा तपासणी मायबोलीतच मागा, लाजू नका. आधीच्या दिवसांतली फिट आणि चालू गोळ्या सांगा. काही गोळ्यांनीही शब्द अडतात. मनानं गोळी बंद करू नका. चष्मा न्या, झोप पुरी करा. शब्दांची घरी घोकंपट्टी नको, सोबतच्यानं खुणावणंही नको. आमच्याकडे बायको आता कालनिर्णयवर फिटच्या तारखेला लाल टिंब देते. दवाखान्यात जाताना तेच घडी घालून पिशवीत ठेवतो.