‘गुलामगिरी’ची अर्पणपत्रिका आणि कोलफॅक्स : एका तुलनेचा पुनर्विचार

दलित साहित्य आणि अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे साहित्य यांच्या तुलनेस मराठीत आता अर्धशतकाहून अधिक काळ लोटला आहे. या परंपरेत मराठवाड्याचा वाटा मोलाचा आहे. अमेरिकेत अध्ययन करून आलेल्या म. ना. वानखडे यांनी औरंगाबादच्या नागसेनवनात या साहित्याच्या चर्चेला चालना दिली. पुढे जनार्दन वाघमारे यांनी ‘अमेरिकन निग्रो : साहित्य आणि संस्कृती’ हा ग्रंथ सिद्ध केला. लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयाचे हे प्राचार्य १९९४ साली स्थापन झालेल्या नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. मात्र आपल्या समीक्षेत ही तुलना बहुधा वेदना, विद्रोह आणि आत्मभान या तीन शब्दांभोवतीच फिरत राहिली. हिंसेमागील श्रम-संबंधांचा विचार तिच्यात अभावानेच आढळतो.

या तुलनेचा उगम अर्थातच जोतीराव फुले यांच्याकडे जातो. ‘गुलामगिरी’ (१८७३) हा ग्रंथ त्यांनी गुलामांच्या मुक्ततेसाठी झटलेल्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केला. त्याच वर्षी, १३ एप्रिल रोजी, लुइझियानातील कोलफॅक्स येथे न्यायालयाच्या इमारतीचे रक्षण करणाऱ्या कृष्णवर्णीयांवर सशस्त्र गोऱ्यांनी हल्ला केला. साठांहून अधिक माणसे मारली गेली; त्यांतील अनेकांना शरण आल्यानंतर ठार करण्यात आले. १८७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या प्रकरणातील दोषसिद्धी रद्द ठरवली. १८६५ च्या तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामी संपली, जमीन मात्र मळेवाल्यांकडेच राहिली. बटईने कसणारा मुक्त माणूस कर्जाने पुन्हा त्याच मळ्याला जखडला गेला. यावरून फुले भाबडे होते असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. अर्पणपत्रिकेचा रोख आपल्या देशबांधवांनी हा कित्ता गिरवावा, याकडे आहे. अमेरिकेचे वर्णन हा तिचा हेतूच नव्हे.

वर्ग आणि वंश यांची गुंतागुंत उत्तरेत अधिक स्पष्ट दिसते. यादवी युद्धातील सक्तीच्या सैन्यभरतीतून ३०० डॉलर भरून सुटका करून घेता येत असे. ही रक्कम मजुराच्या आवाक्याबाहेरची होती. जुलै १८६३ मध्ये न्यूयॉर्कमधील गोरे कामगार, त्यांत आयरिश मोठ्या संख्येने, या अन्यायाविरुद्ध रस्त्यावर उतरले. श्रीमंतांच्या घरांवर दगड पडले, हे खरे. परंतु कृष्णवर्णीय मुलांचे अनाथालयही जाळले गेले आणि गोदीत कामासाठी स्पर्धा करणारे कृष्णवर्णीय मजूर झाडांना, खांबांना लटकवले गेले. गाऱ्हाणे वर्गाचे होते, बळी मात्र वंशाने निवडले गेले.

हे कोडे फ्रेडरिक डग्लस यांनी आधीच उलगडले होते. बाल्टिमोरच्या जहाजगोदीत गोऱ्या कारागिरांचा मार त्यांनी स्वतः खाल्ला होता. १८५५ च्या आत्मचरित्रात ते दाखवतात की, गरीब गोऱ्याच्या मनात कृष्णवर्णीयाविषयी वैर पेरून मालक त्या गोऱ्यालाही जवळजवळ गुलामच करून ठेवतो. डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांनी १९३५ मध्ये या विचाराला पुढचा टप्पा दिला : तुटपुंज्या मजुरीवर राबणाऱ्या गोऱ्याला प्रतिष्ठेच्या रूपाने एक मानसिक वेतन मिळत असते. आपल्या अभ्यासक्रमांत डग्लस यांचे १८४५ चे छोटे आत्मकथन सोयीचे म्हणून लावले जाते; हा सगळा ऊहापोह त्यामुळे विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचत नाही.

आपल्या भागातील वाचकाला हे विवेचन परके वाटू नये. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने विद्यापीठ नामांतराचा ठराव केला आणि मराठवाड्यात वस्त्या पेटल्या. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी येथे पोचीराम कांबळे यांची हत्या झाली. ज्यांचा विद्यापीठाशी कधी संबंध आला नव्हता, अशा शेतमजुरांची घरे जळाली. गायरानाचा ताबा, मजुरी, गावकीची कामे नाकारणे हे जुने तंटे नावाच्या निमित्ताने वर आले होते. तरीही टेंभुर्णी म्हणजे कोलफॅक्स असे समीकरण मांडता येत नाही. अमेरिकेत माणूस कायद्याने विकत घेता येई. येथे बलुत्याचा आणि विटाळाचा आधार होता, आणि शोषितांतही महार-मांग अशी उतरंड होती. पोचीराम कांबळे हे मातंग होते आणि नामांतराच्या बाजूने उभे होते. डुबॉइस यांच्या मानसिक वेतनाच्या संकल्पनेने १९७८ तपासू पाहणाऱ्या अभ्यासकाने आरंभ याच तपशिलापासून करावा.