कृष्णा-पंचगंगा संगम : तीर्थजलाचे पावित्र्य व भाविकांचे कर्तव्य

श्रीक्षेत्र नृसिंहवाडी येथे कृष्णा व पंचगंगा या दोन पुण्यसलिला नद्यांचा संगम झाला आहे. श्रीमन्नृसिंह सरस्वती स्वामी महाराजांनी येथील औदुंबरतळी बारा वर्षे वास्तव्य केले, अशी परंपरा आहे. पावसाळ्यात नद्यांना पूर आला की पाणी उत्तरद्वारातून मंदिरात प्रवेश करते आणि श्रींच्या मनोहर पादुकांवरून वाहत दक्षिणद्वाराने बाहेर पडते. या दक्षिणद्वार सोहळ्यात स्नान घडावे, अशी प्रत्येक दत्तभक्ताची मनीषा असते. ज्या जलाने प्रत्यक्ष श्रींच्या पादुकांना स्नान घडते ते जल कोणत्या वाटेने येते व वाटेत त्यात काय मिसळते, याचा विचार करणे हाही सेवेचाच भाग होय.

पंचगंगेची वाट

कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती अशा पाच प्रवाहांतून पंचगंगा निर्माण झाली, असे मानले जाते. कोल्हापूरजवळ प्रयाग चिखली येथे या प्रवाहांचा संगम होतो. सह्याद्रीच्या कुशीतून येणारे हे जल मूळचे निर्मळ असते. पुढे कोल्हापूर व इचलकरंजी ही मोठी शहरे, अनेक गावे, साखर कारखाने व वस्त्रोद्योग यांच्या सान्निध्यातून वाहत नदी संगमास येते. या वाटेवर शहरांचे सांडपाणी, कारखान्यांचे रसायनमिश्रित पाणी आणि शेतातून निथळणारी खते व कीटकनाशके तिच्यात मिसळतात.

शेतीसाठी पाणी अडविणारे कोल्हापूर पद्धतीचे बंधारे हे या भूमीचे मोठे देणे आहे. परंतु उन्हाळ्यात प्रवाह मंदावला आणि अडलेल्या पाण्यात सांडपाणी साचले की ते कुजू लागते. कुजण्याच्या क्रियेत पाण्यात विरघळलेला प्राणवायू संपतो. मग मासे तडफडून मरतात व केंदाळ फोफावते. तेरवाड बंधाऱ्याजवळ मृत माशांचा खच पडल्याची दृश्ये या परिसराने अनेकदा पाहिली आहेत.

इचलकरंजीचा धडा

इ. स. २०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजी शहरात दूषित पाण्यामुळे काविळीची भीषण साथ उद्भवली. हजारो लोक आजारी पडले व अनेकांना प्राणास मुकावे लागले. पाण्यावाटे पसरणारी ही कावीळ गर्भवती स्त्रियांना विशेष घातक ठरते. नदीची उपेक्षा अखेरीस घरातील घागरीपर्यंत कशी पोहोचते, हे या दुर्दैवी घटनेने दाखवून दिले.

पाणी दिसावयास स्वच्छ असले म्हणजे ते शुद्ध असतेच, असे नाही. रोगजंतू डोळ्यांना दिसत नाहीत. स्नानयोग्य पाण्याच्या शासकीय मानकानुसार एक लिटर पाण्यात विरघळलेला प्राणवायू किमान ५ मिलिग्रॅम असावा लागतो व जैविक प्राणवायूची मागणी ३ मिलिग्रॅमहून अधिक असू नये. पिण्याच्या पाण्याचे निकष याहून कठोर आहेत. म्हणून तीर्थ म्हणून प्राशन करावयाचे जलही उकळून घेणे हिताचे. उकळल्याने रोगजंतू नष्ट होतात. रसायने मात्र तशीच राहतात. ती नदीत न सोडणे हाच त्यावरचा खरा उपाय.

शास्त्राज्ञा आणि कायदा

जलात मलमूत्र विसर्जन करू नये व थुंकू नये, अशी आज्ञा तैत्तिरीय आरण्यकात आहे. आधुनिक काळात जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९७४ याने नदी दूषित करणे हा दंडनीय अपराध ठरविला. कोल्हापुरात कसबा बावडा येथे दररोज ७६ दशलक्ष लिटर क्षमतेचे सांडपाणी प्रक्रिया केंद्र उभे राहिले. केंद्र उभारले म्हणजे कार्य पूर्ण झाले, असे मात्र नव्हे. प्रत्येक नाल्याचे पाणी तेथवर पोहोचले पाहिजे व यंत्रणा अखंड चालली पाहिजे. यासाठी नागरिकांची जागरूकता व मागणी आवश्यक असते. लोकांनी मनावर घेतल्यास रूढी बदलते, याचेही उदाहरण जवळच आहे. कोल्हापुरात गणेशमूर्तींचे विसर्जन पंचगंगेऐवजी इराणी खणीत करण्याची पद्धत रुजली आहे.

भाविकांनी पाळावयाचे नियम

१. स्नान करताना साबण, शाम्पू यांचा वापर करू नये. घाटावर कपडे व वाहने धुऊ नयेत.
२. निर्माल्य, जुनी वस्त्रे, तसबिरी व प्लॅस्टिकच्या पिशव्या नदीत सोडू नयेत. फुले-पाने वेगळी जमा केल्यास त्यांचे उत्तम खत होते.
३. मलमूत्र विसर्जनासाठी स्वच्छतागृहाचाच वापर करावा.
४. देणगीदारांनी स्वच्छतागृहे, निर्माल्य-खत व शुद्ध पेयजल अशा कार्यांसाठीही दान द्यावे. तहानलेल्यास शुद्ध पाणी देणे हे आपल्याकडे नेहमीच श्रेष्ठ दान मानले गेले आहे.
५. आपल्या गावातील सांडपाणी कोणत्या ओढ्यात जाते याची चौकशी करावी व ग्रामसभेत हा विषय मांडावा.

संगमापुढे कृष्णामाई थांबत नाही. ती पुढे कुरुंदवाड, खिद्रापूर या गावांवरून कर्नाटकात जाते व तेथील लोकांचीही तहान भागविते. येथे टाकलेले पुढच्याच्या ओंजळीत जाते, याचे स्मरण ठेवून भाविकांनी स्नान करावे. नदी निर्मळ राखणे हीच श्रींच्या चरणी खरी सेवा होय.

॥ श्री गुरुदेव दत्त ॥