फुकटचं कॅड आणि आपलं चित्र

खिडकीची तुटलेली कडी थ्रीडी प्रिंटरवर करून घ्यायची म्हणून मी, साहित्याची विद्यार्थिनी, कॅड शिकायला बसले. मोफत आवृत्ती निवडताना आपण बघतो की तिच्यात काय काय काढता येतं. काढलेलं आपल्याकडे कसं राहतं, हे कोण बघतो?

फ्यूजनच्या वैयक्तिक आवृत्तीत एका वेळी १० डॉक्युमेंटंच बदलता येतात. अकरावं हवं तर आधीचं एक 'फक्त वाचण्यापुरतं' करायचं. जाच आहे, पण चालतो. ऑनशेपच्या मोफत खात्यात मात्र तुमचं प्रत्येक डॉक्युमेंट सार्वजनिक असतं, कुणीही बघावं, नक्कल करावी. कवितेची कच्ची वही चौकात उघडी ठेवल्यासारखंच की!

मी चुकले ते वेगळ्याच ठिकाणी. कडीची नुसती एसटीएल फाइल जपून ठेवली. एसटीएल म्हणजे त्रिकोणांची जाळी, हस्तलिखिताच्या फोटोसारखी. छापता येते, पण ३ मिमीचं भोक ४ मिमीचं करायचं तर नाकी नऊ येतात. स्टेप फाइलमध्ये खरे पृष्ठभाग राहतात, दुसऱ्या कॅडमध्येही उघडतात. मात्र कोणत्या पायऱ्यांनी आकार घडला तो इतिहास तिच्यातही जातो.

फ्रीकॅडला असली बंधनं नाहीत. २०२४ मध्ये त्याची १.० आवृत्ती आली. शिकायला चिकाटी लागते. माझी कडी आता मी त्यात पहिल्यापासून काढतेय, भोक ४ मिमीचं.