वीस मिलिमीटरचा नळ

आमचे फोरमन लालबागच्या चाळीत वाढलेले. इंजिनातलं काहीही समजावायचं असलं की ते नळावर यायचे. "नळ बारीक असला म्हणून घर तहानलेलं राहत नाही रे. नळ आला असताना पिंप लावायला विसरलं, की राहतं." आम्ही पोरं हसायचो. पुढे तीस वर्षं इंजिनच्या टेस्ट बेडवर काढली, निवृत्त झालो, भोसरीत एक लेथ टाकून बसलो. मग एक दिवस नातू त्याच्या कॉलेजच्या रेसकार टीमला घेऊन दारात उभा राहिला. त्यांचं गाऱ्हाणं ऐकलं आणि फोरमनचं तेच वाक्य माझ्या तोंडून बाहेर पडलं.

विद्यार्थ्यांनी स्वतः गाडी बांधायची आणि पळवायची, ही स्पर्धा अमेरिकेत टेक्सासमध्ये १९८१ साली सुरू झाली. आता आपल्याकडे कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर 'फॉर्म्युला भारत' भरते. पेट्रोल गाडीसाठी नियम असा, की इंजिन ७१० सीसीपर्यंतचं चार-स्ट्रोक घ्या, पण त्याची सगळी हवा २० मिलिमीटरच्या एकाच गोल भोकातून गेली पाहिजे. त्या भोकाला म्हणतात रिस्ट्रिक्टर. क्रमही ठरलेला: आधी थ्रॉटल, मग रिस्ट्रिक्टर, मग इंजिन. टर्बो लावला तर क्रम बदलतो, पण त्या वाटेला पहिल्या वर्षी जाऊच नका.

पोरं म्हणाली, "आजोबा, एवढ्याशा भोकातून इंजिन श्वास कसा घेणार?" तेव्हापासून दरवर्षी नवी टीम येते, तोच प्रश्न विचारते. म्हणून एकदा लिहूनच ठेवतो.

पहिला कानमंत्र: आधी नळाचा हिशेब करा

भोकातली हवा ध्वनीच्या वेगाला पोचली की खेळ संपला. पलीकडून कितीही ओढा, त्याहून जास्त येत नाही. समुद्रसपाटीला २० मिलिमीटरच्या भोकाची ही कमाल मर्यादा सेकंदाला साधारण ७४ ग्रॅम. पुणं साडेपाचशे मीटरवर, त्यात उन्हाळ्याची पस्तीस डिग्री धरली तर ६९ ग्रॅमच्या आसपास.

आता गिऱ्हाईक बघा. आपल्या बहुतेक पोरांच्या हाताशी असतं ते चाकणला बनलेलं जुन्या केटीएम ३९०चं इंजिन, ३७३ सीसी, एकच सिलिंडर. ९००० आरपीएमला ते सेकंदात ७५ वेळा हवा ओढतं, दर वेळी सुमारे ०.४ ग्रॅम. म्हणजे ३० ग्रॅम. नळाची ताकद ६९, मागणी ३०. मग अडतं कुठे?

अडतं ते घोटात. इनलेट व्हॉल्व्ह क्रँकच्या दोन फेऱ्यांच्या ७२० अंशांपैकी ढोबळमानाने २४० अंशच उघडा असतो. तीस ग्रॅमची गरज एक तृतीयांश वेळात भागवायची, म्हणजे त्या क्षणी मागणी ९० ग्रॅमच्या दराने. नळ देतो ६९. उरलेला दोन तृतीयांश वेळ नळ नुसता उभा. चाळीत नेमकं हेच व्हायचं. पाणी कमी नसायचं, येण्याची वेळ आणि लागण्याची वेळ जुळायची नाही.

दुसरा कानमंत्र: पिंप ठेवा, हौद बांधू नका

रिस्ट्रिक्टर आणि इंजिन यांच्या मधला डबा, म्हणजे प्लेनम, हे तुमचं पिंप. इंजिनने घोट घ्यायचा तो पिंपातून, आणि नळाने आपला संथ वाहत राहायचं. पिंप पुरेसं मोठं असेल तर नळाला इंजिनचे गचके कळतही नाहीत. एका सिलिंडरच्या गाडीला प्लेनम हवंच, ते याचसाठी. सहाशे सीसीच्या चार सिलिंडरवाल्यांचं दुखणं वेगळं. त्यांचे घोट एकामागोमाग येतात, नळ तसाही सलग वाहतो, पण १२००० आरपीएमला त्यांची सरासरी मागणीच ६५ ग्रॅमच्या घरात जाते. तिथे पिंप वाढवून फार काही हाती लागत नाही.

हे ऐकून एका वर्षी पोरांनी सहा लिटरचा डबा केला. सरळ रस्त्यावर गाडी छान पळाली. वळणातून बाहेर पडताना मात्र पाय दाबला तरी गाडी क्षणभर विचार करायची. थ्रॉटल डब्याच्या अलीकडे असतो हे विसरू नका. तो उघडला की आधी रिकामा डबा भरतो, मग इंजिनला मिळतं. सोडला तरी डब्यातलं संपेपर्यंत इंजिन ओढत राहतं. ही स्पर्धा वळणांची आहे. ७५ मीटरच्या सरळ धावेत मिळवलेलं २२ किलोमीटरच्या एन्ड्युरन्समध्ये गमावू नका. ३७३ सीसीला मी दोन-अडीच लिटरपासून सुरुवात करायला सांगतो. डबा दोन तुकड्यांत करा, मध्ये कडी घालून वाढवता येईल असा. मग चालवणाऱ्याला विचारा. माझ्या गणितापेक्षा त्याच्या पायाला जास्त कळतं.

तिसरा कानमंत्र: शिरताना थोडी घाई चालेल, उतरताना नाही

रिस्ट्रिक्टर म्हणजे नुसतं भोक पाडलेली चकती असेल, तर हवा पलीकडे जाऊन भोवऱ्यांत गुरफटते आणि गेलेला दाब परत येत नाही. म्हणून आत शिरणारा आणि बाहेर पडणारा असे दोन शंकू करतात. शिरताना उतार जरा तीव्र चालतो. बाहेर पडताना मात्र हवेला भिंत धरून चालू द्यायची. मध्यरेषेपासून सहा अंशांच्या आसपास राहा. २० वरून ४६ मिलिमीटरपर्यंत जायचं तर सहा अंशांत १२४ मिलिमीटर लांबी लागते. "आजोबा, जागा नाही, दहा अंश करू, ७४ मध्ये बसतं," असं दर वर्षी कोणीतरी म्हणतंच. करा, पण मग हवा भिंत सोडते आणि इतकी मेहनत केलेला शंकू साध्या चकतीच्या जवळ जाऊन बसतो.

लेथवरची एक गोष्ट. हा टेपर कंपाउंड स्लाइड फिरवून काढतात, पण स्लाइडची चाल बऱ्याचदा एवढ्या लांबीला पुरत नाही. दोन टप्प्यांत काढला की सांध्यावर पुसटशी धार राहते. डोळ्यांना दिसत नाही, बोट आत पोचत नाही. काडीला कापूस गुंडाळा आणि आतून हलकेच फिरवा. जिथे तंतू अडकेल तिथे धार आहे. तिथे बारीक पॉलिश पेपर. प्रिंटरवर शंकू काढला असेल तर कापूस जागोजागी अडकेल, तो गुळगुळीत करायला एक अख्खी संध्याकाळ ठेवा.

आणि भोकाचं माप १९.९५ ठेवा. वीसला एक-दोन शतांश मिलिमीटर वर गेलात तर तपासणीत थांबवतील. पाच शतांशाने हवा अर्धा टक्का कमी होते. वर्षाची मेहनत वाचवायला अर्धा टक्का स्वस्त आहे. पॉलिश केल्यानंतर पुन्हा मोजा, कारण पॉलिशही खातं.

चौथा कानमंत्र: लांबी व्हॉल्व्हपासून मोजा

डब्यापासून इंजिनपर्यंतची नळी, म्हणजे रनर. व्हॉल्व्ह उघडून पिस्टन ओढतो तेव्हा कमी दाबाची लाट नळीतून उलटी डब्याकडे धावते. मोकळ्या तोंडाशी आदळून ती जास्त दाबाची होऊन परत फिरते. ही परतलेली लाट व्हॉल्व्ह मिटायच्या आत पोचली तर थोडी जास्त हवा आत ढकलते. फुकटचा घास आहे, वेळ साधली पाहिजे. ८००० आरपीएमला क्रँक ९० अंश फिरायला १.८७५ मिलिसेकंद लागतात. ध्वनी तेवढ्यात ६५ सेंटिमीटर जातो. जाणं-येणं मिळून ६५, म्हणजे लांबी बत्तीस-तेहतीस सेंटिमीटर. ६००० ला तीच ४३ होते. गाडी वळणांत कुठल्या आरपीएमला जास्त वेळ असते ते डेटात बघा आणि त्यासाठी नळी कापा. पॉवरच्या आकड्यासाठी कापू नका.

इथे सगळ्यांची एक चूक ठरलेली. पोरं नळी मोजतात, हेडमधली वाट विसरतात. लाट व्हॉल्व्हच्या बैठकीपासून निघते, तुमच्या फ्लँजपासून नाही. व्हॉल्व्ह मिटलेला असताना मऊ तार पोर्टमध्ये वळणावळणाने सारा, टेकली की फ्लँजशी खूण करा, बाहेर काढून सरळ करा आणि मोजा. तेवढी लांबी वजा करून नळी कापा. डब्यातल्या तोंडाला कर्ण्यासारखा गोल काठ द्यायला विसरू नका. धारदार तोंडाशी हवा अडखळते.

पाचवा कानमंत्र: डबा गोल करा

बाहेर हवेचा पूर्ण दाब, आत थ्रॉटल मिटलेला असताना जेमतेम अर्धा. दहा बाय पंधरा सेंटिमीटरच्या सपाट भिंतीवर त्या फरकाने ७५ किलोचा भार येतो. म्हणजे तुमच्या डब्यावर एक अख्खा माणूस उभा. दर मिटण्याला चढतो, दर उघडण्याला उतरतो. सपाट पत्रा अशाने तेलाच्या डब्यासारखा टणटण वाजतो आणि वेल्डच्या कडेला चिरतो. गोल आकार हा भार अंगभर वाटून घेतो.

प्रिंट करणार असाल तर प्लॅस्टिक ओळखून घ्या. एका टीमने पीएलएचा डबा हौसेने केला. साठ डिग्रीच्या आसपास ते मऊ पडतं हे त्यांना माहीत होतं, पण तापलेल्या इंजिनशेजारी गाडी उभी राहिल्यावर साठ डिग्री किती पटकन येते हे माहीत नव्हतं. अर्ध्या तासात डबा मान टाकून बसला. त्यातून वाचलेलं प्लॅस्टिकही थरांमधून हवा झिरपू देतं, म्हणून आतून-बाहेरून इपॉक्सीचा हात हवा. रबरी होज गळती थांबवायला ठीक, वजन पेलायला नाही. डब्याला स्वतःचा ब्रॅकेट द्या.

हवा कुठून घेता तेही बघा. रेडिएटरमागची दहा डिग्री गरम हवा तीन टक्क्यांनी पातळ असते. वर गाळून-मोजून मिळवलेलं इथे एका झटक्यात जातं.

शेवटचा कानमंत्र: स्वतःचा गळा स्वतः आवळा

तपासणीत परीक्षक चालू इंजिनच्या हवेचं तोंड बंद करतात. इंजिन ताबडतोब मेलं पाहिजे. जगलं तर कुठूनतरी चोरून हवा येते आहे, आणि तो दोष तिथल्या गर्दीत शोधणं म्हणजे गवतात सुई.

म्हणून घरीच करा. आधी डबा सायकलच्या पंक्चरवाल्यासारखा पाण्याच्या टबात बुडवा, तोंडं बंद करा, हातपंपाने अगदी थोडी हवा भरा आणि बुडबुडे बघा. मग गाडीवर चढवून इंजिन चालू करा आणि तोंडावर रबर लावलेली फळी दाबा. तळहात नको.

पहिल्या टीमने फळी दाबली तेव्हा इंजिन मेलं नाही. दम्याच्या पेशंटसारखं खोकत राहिलं. दोन रात्री शोध चालला. टबात बुडबुडा आला नव्हता, कारण तेव्हा प्रेशर सेन्सरच्या जागी बूच होतं. गळत होता तो सेन्सरचा आटा. टेफ्लॉन टेपचे चार वेढे, आणि फळी लावताच इंजिन गपकन थांबलं.

कोइमतूरहून नातवाचा फोन आला. मागे नुसता आरडाओरडा. "आजोबा, बंद पडली! एका झटक्यात बंद पडली!" तीस वर्षं इंजिनं चालू ठेवण्याचा पगार घेतला. बंद पडलं म्हणून पेढे वाटले ते तेवढे एकदाच.